चाक तापतंय, गाडी डावीकडे ओढतेय: दोष कॅलिपरचा नव्हता

माझी जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार पावसाळाभर दादरला ताडपत्रीखाली उभी होती. ऑक्टोबरात बाहेर काढली, तर वांद्र्यापर्यंत पुढच्या डाव्या रिमला हात लावता येईना. जळका वास येत होता, ब्रेक सोडल्यावरही गाडी डावीकडे ओढायची.

आधी संशय कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागावर. तो ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड बदलले, कॅलिपरला नवं सील किट टाकलं. तीन रविवार गेले, अगदी रडकुंडीला आलो.

शेवटी गाडी स्टँडवर चढवली आणि ब्रेक चार-पाचदा दाबून सोडला. चाक जाम. आधी रबरी होजच्या (कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळीच्या) वरचा, लोखंडी पाइपचा जोड किंचित ढिला केला, चाक जामच. तो घट्ट करून कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल-हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा उघडला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक गर्रकन फिरलं. म्हणजे दाब होजमध्येच अडकत होता. (वरचा जोड उघडल्यावर चाक सुटलं तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) किंवा पेडल तपासा, निपल उघडूनही सुटलं नाही तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना.)

होज कापून पाहिला. बाहेरून धडधाकट, आत रबर सुजून भोक टाचणीएवढं.

पुढचे दोन्ही होज बदलले, होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घातले, होजला पीळ नाही हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. मग सीलबंद डब्यातलं डॉट ४ ब्रेक ऑइल भरून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं या क्रमाने हवा काढली. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलवटतो.

वरळीपर्यंत जाऊन आलो. दोन्ही रिम सारखेच कोमट.