.२२चं पिस्तूल अडकायचं, ते असं सुटलं

ह्यूस्टनला आल्यावर नेमबाजीच्या रेंजसाठी स्वस्तातलं .२२चं (म्हणजे .२२ इंच कॅलिबरचं) पिस्तूल घेतलं. दर मॅगझिनला (गोळ्या भरायच्या डबीला) एकदा तरी गोळी सुटल्यावर उरलेली रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात, उभीच अडकायची. मी आपला तेल ओततोय! त्या तेलात काजळी बसून उलट चिखल झाला.

शेवटी मॅगझिन काढलं, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटानं तपासलं, मग स्लाइड उतरवली. पुंगळी ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली काळा थर होता; टाचणीच्या डोक्याएवढा, पण दगडासारखा. .२२च्या शिशाच्या गोळीला बहुधा मेण लावलेलं असतं, त्याचाच प्रताप. सॉल्व्हंटचे दोन थेंब टाकून दहा मिनिटांनी लाकडी टूथपिकनं खरवडलं, चेंबरमध्ये ब्रश फिरवला. तेल फक्त स्लाइड सरकते त्या रुळांवर, थेंबभर.

हाय व्हेलॉसिटीची, म्हणजे जास्त वेगाच्या गोळ्यांची, ५०ची पेटी न अडकता संपली. कमी वेगाच्या स्टँडर्ड गोळ्यांवर मात्र अजून रुसतं.