आजी-आजोबा राहायला येणार? आधी त्यांच्या पिशवीची जागा ठरवा

पानगळीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो, मुलं संध्याकाळी घरातच असतात. त्यातच आजी-आजोबा आले की नातवंडांचा पहिला मोर्चा त्यांच्या सामानाकडे वळतो. आजीच्या पर्समध्ये काहीतरी खाऊ असणारच, ही मुलांची ठाम समजूत! पण त्याच पर्समध्ये रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्याही असतात. मोठ्यांची एखादी गोळीसुद्धा लहानग्याला महागात पडू शकते. आठवड्याच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी तर बोटाने टक् करून उघडते, आणि हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते.

म्हणून ते यायच्या आधीच कपाटाचा वरचा, कडी लागणारा कप्पा रिकामा करा. आल्या आल्या "आई, तुमची औषधं इथे ठेवू या" असं म्हणून तुम्हीच जागा दाखवा. त्यात सूचना वाटत नाही, पाहुणचार वाटतो. उशाशी, खिडकीत, कोटाच्या खिशात काही राहिलंय का, तेही बघून घ्या. कोटाचा खिसा हमखास विसरला जातो.

श्रवणयंत्राचे बटणासारखे सेल, जुने काढलेलेसुद्धा, त्याच कप्प्यात ठेवा. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर 2 तासांतही आत गंभीर भाजू शकतं. नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. गोळी गिळली असेल तर तिचं पाकीट सोबत न्या.

आणि खाऊ? तो आजीने पर्सऐवजी डब्यातून द्यावा.