छातीचा हार्ट रेट स्ट्रॅप घेताय? आधी या चुका टाळा

डिसेंबर लागला की नागपुरात फुटाळ्यावर आणि सेमिनरी हिल्सवर सकाळी धावणारे वाढतात आणि त्यासोबत आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज येऊन राहतो, भाऊ नवीन चेस्ट स्ट्रॅप (ठोके मोजणारा छातीवरचा पट्टा) घेतला, आत्ता कुठे पळायला सुरुवात केली तर हार्ट रेट २०५ दाखवून राहिला, पीस परत करू का? थांबा जरा. मी आतापर्यंत ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचे पट्टे हातात घेऊन पाहिले, त्यातले बहुतेक खराब नव्हतेच, फक्त कोरडे होते.

पट्टा काम कसा करतो ते समजलं की अर्ध्या तक्रारी तिथंच संपतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अगदी बारीक वीज तयार होते, ईसीजीत डॉक्टर जे पाहतात तेच, आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूचे ते दोन गुळगुळीत भाग म्हणजे इलेक्ट्रोड कातडीवरून ती वीज पकडतात. कोरड्या कातडीतून ती नीट येतच नाही, ओल पाहिजे. आता नागपूरची डिसेंबरची पहाट आठवा, १०-१२ डिग्री, हवा कोरडी, पहिली दहा मिनिटं घामाचा थेंब नाही, आणि वरून आपण सगळे थंडीत अंग फुटतं म्हणून आंघोळीनंतर खोबरेल तेल नाहीतर लोशन चोपडतो. तेलाचा थर म्हणजे विजेला आडवी भिंतच झाली. म्हणून पट्टा बसतो ती छातीखालची जागा साबणाने धुवून पुसून घ्या, तिथं तेल लावू नका, आणि घालायच्या आधी दोन्ही इलेक्ट्रोड नळाखाली चांगले ओले करा, नुसतं एक बोट पाणी फिरवून भागत नाही. तरी जमत नसेल तर मेडिकलमधून ईसीजी जेलची बाटली आणा, ती महाग नसते आणि खूप दिवस पुरते. एप्रिल-मेमध्ये ही भानगड कमी होते कारण पट्ट्याखाली घाम साचून राहतो, पण कोरड्या वाऱ्यात ढगळ पॉलिस्टरचा टी-शर्ट फडफडत असेल तर स्टॅटिकमुळे, म्हणजे कपडा घासून तयार होणाऱ्या विजेमुळे, आकडा मधेच उडी मारतो, खास करून सायकलवर उतारावर. तेव्हा टी-शर्ट अंगाबरोबरचा घाला.

पट्टा ढिला असणं ही दुसरी नेहमीची चूक. उड्या मारल्या तरी सरकता कामा नये, आणि श्वास पूर्ण घेता आला पाहिजे. बायकांनी स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीच्या लगेच खाली बांधला तर बरा बसतो. साइझ बघूनच घ्या, पोलर कंपनीचा पट्टा छातीच्या ६५ ते ९३ सेंटीमीटर घेराला एक आणि ५१ ते ६६ ला दुसरा येतो, आणि बारीक माणसाने मोठा घेतला की कितीही आवळा, पाठीमागून उचललाच जातो.

पण खरी मोठी चूक लोक विकत घेतानाच करतात. पट्टा कशाला जोडायचा हे न ठरवता ऑफर दिसली की घेऊन टाकतात. पट्टा फोनशी नाहीतर घड्याळाशी बिनतारी बोलतो, त्याच्या दोन भाषा आहेत, ब्लूटूथ आणि अँट प्लस. आयफोनला अँट प्लस येत नाही. जुन्या गार्मिन घड्याळांपैकी बरीच बाहेरचा सेन्सर फक्त अँट प्लसवर घेतात. म्हणजे फक्त ब्लूटूथवाला पट्टा आणि असं जुनं घड्याळ, दोन्ही एकदम चांगले असूनही एकमेकांना कधीच दिसणार नाहीत. माझ्या एका मित्राचं हेच झालं, तीन दिवस बिचारा रीसेट करत बसला होता. आपल्याला सल्ला विचाराल तर दोन्ही असलेलाच घ्या, आता कूस्पो, मॅजीनसारख्या स्वस्त पट्ट्यांमध्येही दोन्ही मिळतं. आणि ब्लूटूथवर एका वेळी किती ठिकाणी जोडता येतो तेही बघा. पोलर एच९ एकाच ठिकाणी जोडतो, एच१० दोन ठिकाणी. घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, सायकल मारताना टॅबला पट्टा सापडत नसेल तर बहुतेक वेळा खिशातल्या फोनमधल्या कोणत्या तरी ॲपने तो आधीच धरून ठेवलेला असतो, ते ॲप बंद करा, आणि फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जोडला असेल तर तिथून काढून थेट ॲपमधूनच जोडा. पहिली जोडणी घरी करा, लॉ कॉलेज चौकात वीस पट्टेवाले जमलेले असताना नको, नाहीतर रामटेकपर्यंत बाजूच्या सायकलवाल्याचे ठोके आपले म्हणून रेकॉर्ड होतील. पोहणाऱ्यांनी आतमध्ये मेमरी असलेलाच घ्यावा, पाण्यातून सिग्नल जात नाही.

मनगटावरचं घड्याळ असताना पट्टा काहून, हेही लोक विचारतात. घड्याळ हिरवा उजेड टाकून रक्ताचा प्रवाह बघतं, थंडीत हाताला रक्त कमी येतं आणि पळताना पावलांचा ताल मिनिटाला १७० असेल तर कधीकधी ते घड्याळ तालालाच ठोके समजून बसतं, आरामात पळताय आणि आकडा १७० ला चिकटलेला. इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून) करायचे असतील, झोन, म्हणजे कमाल ठोक्यांवरून पाडलेले टप्पे, धरून ट्रेनिंग करायचं असेल तर पट्टा घ्याच. अंबाझरीला फक्त चालायला जात असाल तर पैसे वाचवा. छातीवर काही बांधणं अजिबात सहन होत नसेल तर दंडावरचा बँड मनगटापेक्षा पुष्कळ बरा.

बरं, पट्टा नीट चालतोय आणि तरी आकडे चुकीचे वाटतात, अशा वेळी बहुतेक वेळा झोन चुकलेले असतात. कमाल ठोक्यांसाठी २२० वजा वय हा हिशोब सरासरीचा आहे, ४५ वर्षांच्या माणसाला तो १७५ देतो पण खरा कमाल आकडा त्याचा १६३ असू शकतो किंवा १८८ सुद्धा. २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्रही सरासरीचंच. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात, मग हे झोन विसराच. आणि एप्रिलमध्ये त्याच वेगाला दहा ठोके जास्त दिसले तर पट्ट्याला दोष देऊ नका, अंग थंड ठेवायला हृदय जास्त काम करून राहिलं आहे, वेग कमी करा, पाणी प्या.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. आकडा २०० दिसला की थांबून मानेवर बोट ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. हाताचा हिशोब १४० आला तर पट्टा ओला करा. पण मोजूनही तेवढेच आले, थांबल्यावरही खाली येत नाहीत, गरगरतंय, धडधडतंय, तर तिथंच बसा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढा. छातीत दुखलं किंवा डोळ्यापुढे अंधारी आली तर १०८ लावा. पेसमेकर असलेल्यांनी तर विकत घ्यायच्या आधीच डॉक्टरला विचारावं.

सेलचं थोडक्यात सांगतो. सीआर२०२५ आणि सीआर२०३२ एकसारखे दिसतात पण शेवटचे दोन आकडे जाडीचे, २.५ आणि ३.२ मिलिमीटर, एच१० ला २०२५ लागतो, बऱ्याच बाकीच्यांना २०३२. सीताबर्डीत सेल घेताना जुना सोबत न्या. सिग्नल तुटायला लागला, पट्टा ओला आहे, घट्ट आहे, तर आधी सेल बदला.

सेल लवकर संपतो म्हणणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा एकच, घरी आल्यावर पॉड, म्हणजे पट्ट्याला बटणांनी बसणारा सेलवाला सेन्सर, पट्ट्यालाच लावून ठेवतात आणि ओल्या पट्ट्यामुळे त्याला वाटतं अजून छातीवरच आहे. एक बटण तरी काढून ठेवा. पट्टा रोज नळाखाली धुवा, आठवड्यातून एकदा हलक्या साबणाने, पिळायचा नाही आणि गच्चीवर उन्हात वाळवायचा नाही, सावलीत. घामाचं मीठ साचलं की इलेक्ट्रोड कडक होतात, मग बारीक भेगा दिसतात, आणि तसा झाला असेल तर फक्त पट्टा वेगळा मिळतो का ते बघा, पॉड चांगला असताना पूर्ण सेट घ्यायची गरज नाही.