दुचाकीचं इंजिन ऑइल: कोणतं घ्यावं, कधी बदलावं

गाडीसोबत आलेली पुस्तिका शोधा. हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. ऑइलबद्दल सल्ला द्यायला गल्लीत सगळे तयार असतात, आणि इंजिन बनवणाऱ्यानं काय लिहिलंय ते कोणीच वाचत नाही.

१. ग्रेड

पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० असेल तर १०डब्ल्यू-३०च. ‘आपल्याकडे ऊन कडक, जाड टाका’ हे ऐकून २०डब्ल्यू-५० घालू नका. शेवटचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. म्हणजे तापलेल्या इंजिनाचा हिशेब त्यात आधीच धरलेला आहे, मग मे महिना नागपूरचा असो की महाबळेश्वरचा. जाड ऑइल सकाळी वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायला वेळ घेतं आणि अ‍ॅव्हरेज खातं. उलट २०डब्ल्यू-५० सांगितलेल्या गाडीत अ‍ॅव्हरेजच्या लोभानं ३० घालणंही तितकंच चूक.

२. जासो

गिअरच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ऑइलातच बुडालेला असतो. तिथे डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ हवं. बिनगिअरच्या स्कूटरला सहसा एमबी. कारचं उरलेलं ऑइल मोटरसायकलमध्ये ओतू नका. त्यातली घर्षण कमी करणारी रसायनं क्लच घसरवू शकतात. मग घाटात इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही.

३. खरेदी

सीलबंद डबा घ्या. पिंपातलं सुटं ऑइल फुकट दिलं तरी नको.

४. कधी बदलायचं

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे, कारण जो तो वेगळा आकडा सांगतो. गॅरेजवाला म्हणतो दोन हजार, पुस्तिका कुठे ३०००, कुठे ६०००, काही नव्या गाड्यांना तर १०,००० किलोमीटर. त्यात मेकॅनिक डिपस्टिकवरचा (ऑइलची पातळी मोजायच्या कांडीवरचा) थेंब चिमटीत चोळून दाखवतो, ‘बघा साहेब, पाणी झालंय!’ अहो, गरम इंजिनातलं ऑइल पातळच लागणार, नवं असलं तरी. काळ्या रंगाचंही तसंच. काजळी भिंतींवर बसू न देता स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यामुळे ते काळं होतंच. रंग बघून ऑइल बदलू नका.

बघायचं ते गाडी कशी चालते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांतून खाली ऑइलात उतरतं. गाडी अर्धा तास सलग चालली की इंजिन तापून ते उडून जातं. पण शाळा, मंडई, दूध आणि परत घर एवढंच फिरणारी स्कूटर नीट तापतच नाही, आणि सगळं आतच साठतं. म्हणून ‘माझी गाडी कमी चालते, वर्षभर बघायला नको’ हा हिशेब उलटा आहे. अशा गाडीला किलोमीटर नाही, महिने मोजा: सहा महिन्यांनी बदला, काटा कितीही असो. याउलट पुणे-साताऱ्यासारख्या रस्त्यावर रोज एका वेगात धावणारी मोटरसायकल पुस्तिकेचा पूर्ण आकडा आरामात गाठते.

सिग्नलला तासन्‌तास उभी राहणारी, दुधाचे कॅन लादलेली किंवा खडी क्रशरच्या धुळीत फिरणारी गाडी असेल, तर मी पुस्तिकेच्या आकड्याचा अर्धा धरतो. उभ्या गाडीचं इंजिन चालू असतं, काटा मात्र हलत नाही. मोटरसायकलमध्ये तेच ऑइल गिअरच्या दात्यांत भरडलं जाऊन पातळ होत जातं. नेहमी मऊ पडणारे गिअर अडखळायला लागले तर तारखेची वाट बघू नका.

आणि मध्येच पातळी मोजा. हे कोणी करत नाही, आणि बरीच इंजिनं यामुळेच जातात. गाडी मेन स्टँडवर, तीन-चार मिनिटं चालू, मग बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसा, घाला, बघा. बऱ्याच गाड्यांत ती न फिरवता नुसती टेकवायची असते. आटे फिरवून मोजलं तर पातळी आहे त्याहून जास्त दिसते. इंजिनात मुळात लिटरच्या आसपासच ऑइल असतं, त्यातलं २०० मिली कमी झालं तर ते फार झालं. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. वास घ्या, पेट्रोल उतरत असेल. ऑइल पांढरट, साईसारखं दिसलं तर आत पाणी आहे. पावसात बुडालेली गाडी तर ऑइल बदलल्याशिवाय सुरूच करू नका.

५. बदलताना

इंजिन कोमट असताना काढा. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा, आणि बोल्ट जीव खाऊन आवळू नका. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले की खर्च ऑइलच्या कितीतरी पट. फिल्टर किंवा जाळी असेल तर तीही बघा. पुस्तिकेत ९०० मिली असेल तर ९००च, लिटरचा डबा संपवायची घाई नको. स्कूटरच्या मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल वेगळं असतं, तेही विचारून बदलून घ्या. रिकाम्या डब्याला भोक पाडा, नाहीतर उद्या त्यात कोणी काहीही भरून विकेल. जुनं ऑइल गटारात नाही, गॅरेजच्या पिंपात. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेन बोल्टखाली थेंब पडलाय का ते बघा आणि पातळी पुन्हा एकदा मोजा.