मोळी पडण्याआधी: काट्यावरच्या जुन्या संगणकाची तयारी

हंगामासाठी बॉयलर पेटवण्याच्या, म्हणजे अग्निप्रदीपनाच्या, महिनाभर आधीच साखर कारखान्यात विंडोज एक्सपी, विंडोज ७ किंवा जुने लिनक्स कोणकोणत्या संगणकांवर आहे, हे फिरून पाहून कागदावर उतरवून घ्यावे. मराठवाड्याच्या ऊसपट्ट्यात असे संगणक बहुधा वजनकाट्यावर सापडतात, कारण वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरची जुन्या पद्धतीची सिरीयल केबल आणि वजनाचे जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालेलच, याची खात्री नसते. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. त्यामुळे प्रत्येक नोंदीपुढे शेवटची दुरुस्ती बसवल्याची तारीख लिहावी.

येथे भीती चोरीपेक्षा खोळंब्याची आहे. काटा तासभर बंद राहिला, तर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते, आणि तोडलेला ऊस उभ्या उभ्या वाळून वजनात व साखरेच्या उताऱ्यात घटतो. जुन्या प्रणालीला असे बंद पाडायला मोठा मारा लागत नाही. जाळ्यावरून माहिती ज्या गठ्ठ्यांत जाते, त्या आयपी पाकिटाची कमाल लांबी ६५,५३५ बाइट असते. पाकिटाचे तुकडे जोडल्यावर ही लांबी ओलांडली जाईल अशा बेताने ते पाठवले, की १९९६-९७ च्या काळातील अनेक प्रणाली कोलमडत. यालाच ‘पिंग ऑफ डेथ’ म्हणत. १९९७ च्या ‘लँड’ हल्ल्यात पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच असे आणि यंत्र स्वतःलाच उत्तरे देत अडकून पडे. हाच दोष २००५ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या सुधारित आवृत्तीत, नको ती पाकिटे अडवणारी फायरवॉल बंद असताना, पुन्हा आढळला. ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ म्हणून कधीतरी बंद केलेली फायरवॉल काट्यावर आजही तशीच नाही ना, हे म्हणूनच स्वतः पाहावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

सर्वांत महत्त्वाचे काम जाळे तोडण्याचे आहे. काट्याचा संगणक कार्यालयाच्या, कॅमेऱ्यांच्या आणि वायफायच्या जाळ्यापासून वेगळा करावा, त्याला इंटरनेट देऊ नये, आणि वजनाच्या नोंदी ज्या एका सर्व्हरकडे जातात तेवढीच वाट मोकळी ठेवावी. बाहेरून दुरुस्ती करणाऱ्याच्या सोयीसाठी उघडलेले रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे) ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जाळ्यावरचे दार, राउटरवर बंद करावे. मार्च २०१२ मध्ये दुरुस्त झालेल्या रिमोट डेस्कटॉपमधील एका दोषामुळे बाहेरचा माणूस लॉगिन न करताही संगणक निळ्या पडद्यावर आणू, म्हणजे बंद पाडू, शकत असे.

सर्व्हर लिनक्सवर असेल, तर २०१९ साली उघड झालेल्या ‘सॅक पॅनिक’ या दूरवरून यंत्र बंद पाडणाऱ्या दोषाची दुरुस्ती कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) आहे का, हे तपासावे, कारण २.६.२९ पासूनच्या कर्नलमध्ये हा दोष होता. कर्नल बदलणे शक्य नसेल, तर जाळ्यावरील संवादाच्या टीसीपी नियमांतील सॅक (मिळालेल्या पाकिटांची निवडक पोच देण्याची) सोय बंद ठेवावी. राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले सॉफ्टवेअरही, याच फेरीत पाहावे.

वरील दोष उरले आहेत का, हे पाहण्यासाठी चाचणीची पाकिटे चालू काट्यावर कधीही सोडू नयेत. बिगरहंगामात, सुट्या संगणकावर त्याच प्रणालीची प्रत बसवून प्रयोग करावा, आणि त्या संगणकाची हार्ड डिस्क पुढे राखीव म्हणून काट्याच्या खोलीतच कुलपात ठेवावी. छापील पावतीपुस्तके, कार्बन आणि भरल्या-रिकाम्या गाडीचे वजन हाताने लिहिण्याची एक रंगीत तालीम तिन्ही पाळ्यांच्या काटा-कारकुनांकडून करून घ्यावी. सेवा बंद पाडणारा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवण्याचे बंधन २०२२ पासून आहे. रात्रपाळीत हे काम कोणाकडे, ते नाव काट्याच्या भिंतीवर लावावे.