लिनक्सवरचं कमांड लाइन टूल विंडोजवर नेताना, हळदीच्या पट्टीच्या अनुभवावरून

सांगलीच्या मार्केट यार्डात एका काकांचं हळदीचं अडत दुकान आहे, त्यांच्यासाठी मी सी मध्ये एक छोटं कमांड लाइन टूल लिहिलंय, नाव ठेवलंय पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी विक्रीच्या हिशोबाची पावती. सौद्याची फाइल द्यायची, त्यात शेतकऱ्याचं नाव, वक्कल (मालाचा एक लॉट) नंबर, पोती, वजन, दर असतंय, आणि टूल हमाली तोलाई वजा करून प्रत्येकाची पट्टी आणि दिवसाची बेरीज काढून देतंय. माझ्या लॅपटॉपवर उबंटू, तिथं व्यवस्थित चालायचं. दुकानात मात्र विंडोज, आणि हंगाम सुरू झाला की दिवाणजी म्हणायचे, "अरे पोरा, दर वेळी तुझी वाट बघत किती बसायचं, आमच्या मशीनवर टाक की ते." म्हणून पोर्ट करायला, म्हणजे विंडोजवर चालेल असं करायला घेतलं. त्यातून जे हाताला लागलं ते लिहितोय, तुमचं टूल वेगळं असलं तरी अडचणी याच येणार.

पहिलं ठरवा की खरंच पोर्ट पाहिजे का. वापरणारा तुमच्यासारखाच प्रोग्रामर असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) बसवून द्या, त्यात लिनक्सच चालतंय, कोड बदलायची गरज नाही. पण दुकानातल्या मशीनवर डब्ल्यूएसएल बसवून ते सांभाळायला सांगणं मला बरोबर वाटत नाही, तिथं एक ईएक्सई कॉपी केली की चाललं पाहिजे. सिग्विन (लिनक्सचा कोड विंडोजवर चालवायचा संच) हा दुसरा रस्ता, १९९५ पासून आहे, त्यात फोर्क (चालू प्रोग्रामची दुसरी प्रत सुरू करणं) वगैरे सगळं मिळतंय पण त्याची डीएलएल (लायब्ररीची फाइल) सोबत न्यावी लागते, आणि विंडोजमध्ये मुळात फोर्क नसल्यामुळं सिग्विन ते ओढूनताणून करतंय, त्यात वेळ जातो. माझं मत स्पष्ट आहे, टूल छोटं असेल तर एमसिस२ (विंडोजवर कंपायलर वगैरे बसवायचा संच) घ्या आणि त्यातलं यूसीआरटी६४ वापरून सरळ विंडोजची ईएक्सई बनवा. यूसीआरटी म्हणजे विंडोजची सी लायब्ररी, ती विंडोज १० पासून विंडोजमध्येच येते, वेगळं काही टाकावं लागत नाही.

एमसिस२ बसवल्यावर स्टार्ट मेनूत तीन चार टर्मिनल दिसतील, इथं बरेच जण फसतात. नुसतं एमसिस नावाचं टर्मिनल उघडून त्यातल्या जीसीसीने बिल्ड केलं तर ईएक्सई एमसिसच्या डीएलएलवर अवलंबून राहते आणि दुसऱ्याच्या मशीनवर उघडतच नाही. यूसीआरटी६४ नावाचंच टर्मिनल उघडा, प्रॉम्प्टमध्ये ते नाव दिसलं पाहिजे, मग पॅकमॅनने (एमसिसमधला पॅकेज बसवायचा प्रोग्राम) यूसीआरटीचाच टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरे) टाका.

बिल्ड करायच्या आधी कोडमध्ये ग्रेप (शब्द शोधायची कमांड) मारून बघा की युनिक्सचं काय काय वापरलंय. युनिस्टडी, डिरेंट, गेटऑप्ट या हेडर फाइली मिंगडब्ल्यूमध्ये (यूसीआरटी६४ चा टूलचेन त्यावरच आहे) मिळतात, व्हिज्युअल स्टुडिओत मिळत नाहीत. फोर्क, वेट, एममॅप, पासवर्ड फाइल वाचणारी पीडब्ल्यूडी, स्ट्रपीटाइम हे दोन्हीकडं नाही. मेकडिरला लिनक्सवर दोन आर्ग्युमेंट, विंडोजवर एकच. स्लॅश टीएमपी आणि स्लॅश डेव्ह स्लॅश नल असे पाथ स्ट्रिंगमध्ये लिहिलेले असतात ते कंपायलरला कळत नाहीत, तेही ग्रेपनेच शोधा. सगळी यादी कागदावर काढा, माझी अकरा ओळींची झाली होती.

आता महत्त्वाचं, ही यादी सोडवताना कोडमध्ये जागोजागी इफडेफ (अमुक सिस्टिम असेल तरच हा कोड घे, अशी अट) टाकू नका. मी पहिल्यांदा तसंच केलं आणि दोन दिवसांनी मलाच माझा कोड वाचता येईना. त्यापेक्षा एक वेगळी फाइल करा, समजा प्लॅटफॉर्म डॉट एच, त्यात तुमची स्वतःची नावं असू देत, तात्पुरती फाइल दे, फोल्डर बनव, जुनी फाइल बदल, आणि त्यांचं काम लिनक्ससाठी एका सी फाइलीत आणि विंडोजसाठी दुसऱ्या सी फाइलीत लिहा. विंडोज डॉट एच ही हेडर फक्त त्या एका फाइलीतच आली पाहिजे, कारण ती मिन, मॅक्स, स्मॉल, निअर, फार असल्या नावांचे मॅक्रो घेऊन येते आणि तुमच्या व्हेरिएबलचं नाव त्यातलं एखादं असेल तर असा काही एरर येतो की कारण सुचतच नाही.

फोर्कचं काय करायचं? आधी बघा की तो का वापरलाय. माझं टूल फोर्क करून सॉर्ट कमांड चालवत होतं, नावं लावून घ्यायला. ते काढून मी सरळ क्यूसॉर्ट वापरलं आणि फोर्कच राहिला नाही. दुसरा प्रोग्राम चालवायलाच लागत असेल तर क्रिएटप्रोसेस वापरा, पण एक ध्यानात ठेवा, विंडोजमध्ये आर्ग्युमेंट वेगवेगळी जात नाहीत, एकच लांब ओळ जाते आणि समोरचा प्रोग्राम ती स्वतः तोडतो. स्पॉन नावाची फंक्शनं सोपी वाटतात पण ती आर्ग्युमेंटना अवतरणचिन्हं लावत नाहीत, मधे स्पेस ठेवून नुसती जोडतात, त्यामुळं फोल्डरच्या नावात स्पेस असला की एकाचे दोन होतात. अवतरणं तुम्हालाच लावायची.

एवढं केलं की बिल्ड होतंय. आणि खरं काम इथून पुढं आहे, कारण जे बिल्डला अडतं ते निदान दिसतं तरी, पुढच्या तीन गोष्टी अडत नाहीत, गप्प चुकीचं उत्तर देतात.

पहिली, टेक्स्ट मोड. माझं टूल वेगासाठी एक इंडेक्स फाइल ठेवतंय, त्यात पोत्यांची संख्या चार बाइटच्या पूर्णांकात. घरी लिनक्सवर बनवलेली इंडेक्स मी पेन ड्राइव्हने दुकानात नेली, टूल चालवलं, एरर नाही काही नाही, पण १४० वक्कलांपैकी ३७ चीच बेरीज आली. दिवाणजींनी वही काढली आणि बोटाने ओळी मोजत गेले, ३८ व्या वक्कलापाशी थांबले. त्यात पोती होती २६. माझ्या डोक्यात लगेच आलं नाही, घरी येऊन हेक्समध्ये फाइल बघितली तेव्हा कळलं, २६ हा बाइट म्हणजे कंट्रोल झेड, आणि विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली तर तो दिसला की फाइल संपली असं धरतात. तसंच १० हा बाइट, म्हणजे ओळ संपल्याची खूण, लिहिताना त्याच्या आधी आपोआप १३ घुसवला जातो, म्हणजे १० पोत्यांचं वक्कल आलं की त्याच्या पुढचं सगळं एका बाइटने सरकतं. लिनक्सवर हा फरकच नाही त्यामुळं आपल्याला सवय नसते.

उपाय सोपा आहे पण एक जागा सोडून चालत नाही. प्रत्येक एफओपनच्या मोडमध्ये बी लावा, लिनक्सवर त्याने काही बिघडत नाही. आणि स्टडिन, स्टडआउटसाठी मेनच्या अगदी सुरुवातीला, काहीही वाचायच्या आधी, सेटमोड फंक्शनने बायनरी मोड लावा, त्याच्या नावापुढं विंडोजवर अंडरस्कोर असतो. मग ओळ वाचल्यावर शेवटी १३ राहिला असेल तर तो तुम्ही स्वतः काढायचा, कारण विंडोजवर बनलेल्या फाइलीत तो असणारच. एक्सेलमधून यूटीएफ८ सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं तर फाइलीच्या तोंडाला तीन बाइट जास्तीचे येतात, त्याला बॉम म्हणतात, तेही सोडून द्या, नाहीतर पहिल्या कॉलमचं नाव कधीच जुळणार नाही. ओळीच्या शेवटी मी साधा १० च लिहितो, नोटपॅडला २०१८ पासून तशी फाइल नीट दाखवता येते.

दुसरी, लाँग. ६४ बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटचा, ६४ बिट विंडोजवर मात्र ३२ बिटचाच. मी सगळी रक्कम पैशात ठेवतो, दशांश अपूर्णांकात हिशोब ठेवला की पैसे हलतात म्हणून, आणि ती लाँगमध्ये होती. ३२ बिटमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ बसतात, म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. एका दिवसाच्या सौद्याला हे पुरलं, हंगामाची एकत्र बेरीज काढली तेव्हा उत्तर उणे आलं. उणे आलं म्हणून कळलं तरी, अजून मोठी बेरीज असती तर फिरून परत अधिक झाली असती आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं, आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा पैसा असतो तो. म्हणून कोडमधला प्रत्येक लाँग शोधा आणि पैसे, वजन, फाइलीतली जागा यासाठी इंट६४ टी घ्या, छापताना इंटटाइप्स हेडरमधले मॅक्रो वापरा. एफटेल सुद्धा लाँग देतं, म्हणजे २ जीबीच्या वरच्या फाइलीत तेही चुकणार, त्याचे ६४ बिटचे भाऊ आहेत ते घ्या. पॉइंटर लाँगमध्ये ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, तिथं इंटपीटीआर टी.

तिसरी, आपली देवनागरी. प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी त्याच्या नावाच्या फाइलीत जाते, नाव मराठीत. विंडोजवर आर्ग्युमेंटमध्ये नाव दिलं तर टूलपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं पोचली. कारण असं की साधा मेन आर्ग्युमेंट जुन्या कोडपेजमध्ये (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) घेतो, आणि देवनागरीसाठी तसं कोडपेज विंडोजमध्ये नाहीच, युरोपातल्या भाषांना होतं, मराठी हिंदीला फक्त युनिकोड. म्हणजे ही अडचण फ्रेंच माणसाला अर्धवट जाणवेल, आपल्याला पूर्ण, आणि म्हणूनच परदेशातल्या बऱ्याच टूलमध्ये ती तशीच राहिलेली दिसते. मला हे मनाला लागतंय, आपल्या माणसाचं नाव आपल्या लिपीत लिहिलं म्हणून टूल बंद पडू नये.

यावर दोन मार्ग. विंडोज १० ची १९०३ आवृत्ती किंवा पुढची असेल तर ईएक्सईला मॅनिफेस्ट जोडा, ती छोटी एक्सएमएल फाइल असते, त्यात अॅक्टिव्ह कोड पेज म्हणून यूटीएफ८ लिहायचं, आरसी फाइलीत तिचा उल्लेख करून विंडरेसने ऑब्जेक्ट बनवायचं आणि लिंक करताना द्यायचं. झालं, मेन आणि एफओपन दोन्ही यूटीएफ८ समजायला लागतात, बाकी कोड जसाच्या तसा. त्याहून जुनं विंडोज असेल तर डब्ल्यूमेन, डब्ल्यूएफओपन अशी रुंद अक्षरांची फंक्शनं वापरायची, लिंक करताना एमयुनिकोड हा पर्याय द्यायचा आणि आत यूटीएफ८ मध्ये बदलून घ्यायचं. स्क्रीनवर दिसायला कन्सोलचं आउटपुट कोडपेज ६५००१ करा. तरी कन्सोलच्या खिडकीत जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसतीलच असं नाही, त्यावरून घाबरू नका, फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, तिथं बरोबर असेल तर बाइट बरोबर आहेत.

फाइलीच्या नावावरून आठवलं, नावात वेळ टाकत असाल तर तास आणि मिनिटात कोलन नको. एनटीएफएसवर कोलनच्या पुढचा भाग त्याच फाइलीचा छुपा दुसरा प्रवाह होतो, फाइल रिकामी दिसते आणि डेटा आत लपतो. मी डॅश टाकला.

रीनेमचं वागणंही वेगळं आहे. लिनक्सवर तात्पुरती फाइल लिहून जुनीवर रीनेम केली की एका झटक्यात बदल होतो, विंडोजवर त्या नावाची फाइल आधी असली तर रीनेम फेल. मूव्हफाइलएक्स घ्या, रिप्लेस एग्झिस्टिंग पर्यायासह. आणि तरीही फेल होणार, कारण दिवाणजींनी तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी ठेवलेली असते. सगळ्यात जास्त फोन मला यावरून आलेत. आता टूल थोडं थांबून परत प्रयत्न करतंय आणि नाहीच झालं तर मराठीत सांगतंय की अमुक फाइल दुसरीकडं उघडी आहे, ती बंद करा. एरर नंबर छापण्यापेक्षा हे वाक्य लिहायला वेळ द्या.

तारांकनाचं थोडक्यात, सीएमडी (विंडोजची नेहमीची कमांड खिडकी) तारा उलगडून, म्हणजे त्याच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावं टाकून देत नाही, तो जसाच्या तसा टूलकडं येतो. मिंगडब्ल्यूचा स्टार्टअप कोड तो उलगडतो, व्हिज्युअल स्टुडिओत सेटआर्गव्ही नावाची ऑब्जेक्ट फाइल लिंक करावी लागते. म्हणून टेस्ट कधीही एमसिसच्या टर्मिनलमध्येच करून थांबू नका, तिथला शेल तारे पण उलगडतो आणि पाथ पण बदलून देतो, त्यामुळं तिथं चालतं ते सीएमडीत चालेलच असं नाही.

देताना लिंकला स्टॅटिक पर्याय लावा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर लिबविनपीथ्रेड सापडत नाही अशी खिडकी येते. ऑब्जडंपने ईएक्सई कोणत्या डीएलएल मागते ते बघा, त्यात विंडोजच्या सोडून दुसरं नाव नको. गिट वापरत असाल तर टेस्टच्या फाइलींसाठी गिटअॅट्रिब्यूट्समध्ये टेक्स्ट बंद करा, नाहीतर विंडोजवर चेकआउट करतानाच ओळींचे शेवट बदलू शकतात आणि टेस्ट विनाकारण पडतात.

शेवटची तपासणी मी अशी करतो. मागच्या हंगामाच्या सगळ्या फाइली लिनक्सवर चालवून प्रत्येक पट्टीचा शा२५६ हॅश (फाइलीच्या बाइटवरून निघणारा ठसा) काढून ठेवतो, त्याच फाइली दुकानातल्या मशीनवर सीएमडीतून चालवतो आणि विंडोजच्या सर्टयुटिलने हॅश काढून जुळवतो. एकही वेगळा आला तर ईएक्सई देत नाही. १० पोत्यांचं एक, २६ पोत्यांचं एक, मराठी नावात स्पेस असलेलं एक आणि २ कोटी १४ लाखाच्या वर जाणारी बेरीज, या चार केस मुद्दाम टाकलेल्या आहेत. आणि टूलला व्हर्जन छापायचा पर्याय ठेवा, म्हणजे दिवाणजी फोनवर आकडा वाचून दाखवतात आणि कुठली ईएक्सई तिथं आहे ते लगेच कळतं.