स्विच बसवण्याआधी: डॉज रॅमच्या ४७आरई गिअरबॉक्सला हाताने लॉक-अप देण्याची तयारी

डॉज रॅम २५०० किंवा ३५००, १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतचं मॉडेल, बॉनेटखाली ५.९ लिटरचं २४ व्हॉल्व्हचं कमिन्स डिझेल आणि त्यामागे ४७आरई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक. इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेतो तो टॉर्क कन्व्हर्टर; आतल्या क्लचने तो लॉक केला की इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात. या ट्रकच्या डॅशबोर्डवर टॉर्क कन्व्हर्टर लॉक करायचा स्विच लावायचा म्हटलं तर सामान एका पिशवीत मावतं आणि काम एका दुपारचं असतं. म्हणूनच लोक थेट पक्कड हातात घेतात. पण स्विच नुसता हुकूम सोडतो. कन्व्हर्टरच्या आतला क्लच धरून ठेवायचं काम तेलाच्या दाबाचं. दाबाची सोय न करता हुकूम सोडला तर तो क्लच घासून मरतो. त्यामुळे या यादीत वायर आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) बरेच खाली आहेत.

सगळ्यात आधी स्विच कशासाठी हवा ते ठरवा. मागे जड ट्रेलर लावून चढताना ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४०-४५ मैलांवर येतो आणि कॉम्प्युटर कन्व्हर्टर उघडाच ठेवतो. मग इंजिनची बरीच ताकद तेल घुसळण्यात जाते आणि गिअरबॉक्स तापतो. हे एक खरं कारण. दुसरं उतारावरचं. पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला की कॉम्प्युटर लॉक सोडतो, चाकं आणि इंजिन यांची घट्ट सांगड तुटते, आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनकरवी गाडी रोखणारा) असून नसल्यासारखा होतो. कोलोराडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ३४०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार लागतो. मागे ट्रेलर आणि नुसत्या चाकाच्या ब्रेकवर तो उतरायचा, म्हणजे खाली पोचेपर्यंत ब्रेकचा वास नाकात.

तिसरं कारण पुष्कळजण सांगतात, आणि ते कारणच नव्हे: ‘पंचेचाळीस मैलांच्या आसपास कन्व्हर्टर सारखा लॉक होतो, सुटतो, पुन्हा लॉक होतो.’ हा या ट्रकचा ओळखीचा आजार आहे आणि मूळ बहुतेक वेळा अल्टरनेटरमध्ये असतं. त्यातला डायोड कमजोर झाला की डीसीमध्ये एसीची लहर मिसळते, ॲक्सिलरेटर पेडलच्या सेन्सरचा सिग्नल थरथरतो आणि कॉम्प्युटरला वाटतं ड्रायव्हर पाय हलवतोय. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, मल्टिमीटर एसीवर ठेवा आणि बॅटरीच्या टोकांवर मोजा. ०.१ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर आधी अल्टरनेटर बघा, बॅटरीच्या आणि इंजिनच्या अर्थिंगच्या वायरी साफ करून घट्ट करा. स्विच लावून हा दोष झाकणं मला पटत नाही. झाकलेला दोष दुसऱ्या कुठल्या तरी सेन्सरमधून डोकं वर काढतो.

आता गिअरबॉक्सचं तेल. एटीएफ+४ या प्रकारचं हवं. तपासणी गाडी सपाट जागी, तेल गरम, इंजिन आयडलवर, आणि लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून. पार्कमध्ये नाही. या घराण्याच्या मूळ गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये असताना कन्व्हर्टरकडे तेल जातच नाही; थंडीत गाडी गरम करतानाही जाणते लोक हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये ठेवतात ते याचसाठी. तेल तपकिरी असेल आणि जळका वास येत असेल तर पॅन उतरवा. तळाला थोडी राखाडी पावडर चालते. क्लचच्या अस्तराचे तुकडे किंवा धातूचा चुरा दिसला तर स्विचचा विचार सोडा, गिअरबॉक्स दुरुस्तीला द्या. पॅन उतरलाच आहे तर फिल्टर बदला आणि बँड (गिअरबॉक्सच्या आतले आवळणारे पट्टे) ॲडजस्ट करून घ्या.

तापमानाचा मीटर नसेल तर तो स्विचच्या आधी लावा. सेन्सर पॅनमध्ये लावला तर सरासरी तापमान कळतं. कूलरकडे जाणाऱ्या गरम पाइपवर लावला तर कन्व्हर्टर या क्षणी किती तापतोय ते कळतं. लॉकचा फायदा झाला की नाही हे दाखवणारा काटा दुसरा, म्हणून मी तोच निवडेन. लॉक केल्यावर तो मिनिटभरात खाली यायला लागला पाहिजे. नाही आला, तर क्लच धरत नाहीये.

मग लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचा मुख्य दाब. ४७आरईमध्ये हा दाब थ्रॉटल केबलने ठरतो: पाय जितका दाबलेला, तितका दाब जास्त. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे १००० आरपीएमला, थ्रॉटल लिव्हर पूर्ण सुटलेला असताना ५४ ते ६० पीएसआय यायला हवेत आणि लिव्हर मागे ओढत नेला की ९० ते ९६ पर्यंत चढायला हवेत. आता उतारावरचं चित्र डोळ्यांपुढे आणा. पाय वर, म्हणजे दाब सगळ्यात कमी. नेमक्या त्याच वेळी एक्झॉस्ट ब्रेक इंजिनला अडवतोय, ट्रेलर मागून ढकलतोय, आणि हा सगळा उलटा जोर कन्व्हर्टरच्या एकाच चकतीच्या मूळ क्लचवर येतोय. नवशिक्याने हाफ क्लचवर घाट चढवावा तसा तो घसरत राहतो, फरक इतकाच की इथे वास केबिनपर्यंत पोचत नाही. या गिअरबॉक्ससाठी एक्झॉस्ट ब्रेक विकणाऱ्यांनी सोबत दाब वाढवणारा वेगळा संच काढला, तो उगाच नव्हे.

म्हणून केसवरच्या टेस्ट पोर्टला गेज लावून मोजा आणि थ्रॉटल केबलची ॲडजस्टमेंट तपासा. उतारासाठी लॉक हवा असेल तर सुधारलेली व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब आणि वाटा ठरवणारा भाग) किंवा दाब वाढवणारा संच खर्चात धरा. ते जमत नसेल तर स्विच फक्त चढासाठी वापरायचा, असं स्वतःशी पक्कं करा. इंजिनची ताकद प्रोग्रॅमर लावून वाढवलेली असेल तर मूळ कन्व्हर्टर चढावरही पुरणार नाही. तिथे जास्त चकत्यांचा कन्व्हर्टर आणि मजबूत इनपुट शाफ्ट (कन्व्हर्टरकडून ताकद गिअरबॉक्समध्ये नेणारा दांडा) ही बोलणी आधी.

वायरिंगचं तत्त्व सोपं आहे. लॉक-अपच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) ट्रान्समिशन रिलेकडून १२ व्होल्ट मिळतात आणि कॉम्प्युटर दुसऱ्या टोकाला अर्थ देतो. ती अर्थची वायर नारिंगी, वर काळी रेघ. तरी रंगावर विसंबू नका, आपल्या वर्षाचा वायरिंग डायग्रॅम समोर ठेवा. गाडी उभी, इंजिन चालू, लॉक नाही, अशा वेळी त्या वायरवर बॅटरीएवढा व्होल्टेज दिसला पाहिजे. तिला नुसता स्विच जोडून अर्थ दिला तरी लॉक होतो, पण कॉम्प्युटरला आपल्याच वायरवर परका अर्थ दिसतो आणि पी०७४३ हा लॉक-अपच्या सर्किटमधल्या दोषाचा कोड येतो. त्यात ट्रान्समिशन रिले सुटला तर ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये अडकतो. मागे ट्रेलर असताना हे नको.

वायर कापून मध्ये पाच पिनांचा रिले घाला: गिअरबॉक्सकडची वायर ३० वर, कॉम्प्युटरकडची ८७ए वर, ८७ ला अर्थ. स्विच बंद असताना किंवा रिलेची कॉइल जळाली तरी सगळं मूळ पद्धतीने चालतं. स्विच चालू असताना कॉम्प्युटरला सोलेनॉइड जागेवर आहे असं वाटायला हवं, म्हणून दुसऱ्या रिलेतून त्याच्या बाजूला रेझिस्टर जोडायचा. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स आधी मोजा. समजा ३० ओहम आला, तर १४ व्होल्टला साधारण साडेसहा वॉट उष्णता होते. रेझिस्टर निदान १० वॉटचा घ्या आणि पत्र्यावर बसवा, वायरींच्या जुडग्यात कोंबू नका. कॉइलवर डायोड, फीडला छोटा फ्यूज, डॅशवर लॉक चालू असल्याचा दिवा. दिव्यात काटकसर करू नका. विसरलेला लॉक म्हणजे सिग्नलला बंद पडलेलं इंजिन, आणि या ट्रकमध्ये स्टीअरिंग आणि ब्रेक दोघांनाही मदत एकाच पंपाची. इंजिन थांबलं की ब्रेक थोड्याच वेळा मदतीसह दाबता येतो, स्टीअरिंग मात्र लगेच जड होतं.

इथे ब्रेक पेडलचा प्रश्न येतो. सुरक्षित वाट म्हणजे ब्रेकला पाय लागताच लॉक सुटावा, अशी रिलेची फीड ब्रेक स्विचमधून न्यायची. चढासाठी हे उत्तम. पण उतारावर ब्रेकला हलका स्पर्श केला की लॉक सुटणार, एक्झॉस्ट ब्रेक गायब होणार आणि ट्रक पुढे सरकणार, म्हणजे पाय आणखी जोरात दाबावा लागणार. उतारासाठी लॉक ब्रेकवर नाही तर वेगावर सुटायला हवा. त्यासाठी वेग आणि थ्रॉटल दोन्ही वाचणारा तयार कंट्रोलर मिळतो. महाग असला तरी मी तोच घेईन. ‘माझं लक्ष असतं’ हा कंट्रोलरला पर्याय नाही. बर्फात किंवा ओल्या निसरड्या रस्त्यावर मात्र एक्झॉस्ट ब्रेकसाठी लॉक नकोच, मागची चाकं घसरतात.

निघण्याआधी एक कागद सनव्हायझरला अडकवा. ३.५४ गिअर प्रमाणाचा डिफरन्शियल आणि ३०.५ इंची टायर धरले तर लॉक असताना ओव्हरड्राइव्हमध्ये (चौथ्या गिअरमध्ये) ६५ मैलांना सुमारे १७५० आरपीएम, तिसऱ्यात ४५ ला तेवढेच, आणि तिसऱ्यात ३० मैलांच्या खाली इंजिन १२०० च्याही खाली येऊन कुंथायला लागतं. तुमचा डिफरन्शियल ४.१० चा असेल तर आकडे नव्याने काढा. टॅकोमीटर कागदाशी जुळला तर क्लच धरतोय; त्याच वेगाला आरपीएम जास्त दिसले तर घसरतोय. दुसऱ्या गिअरमध्ये लॉक मिळेलच असं धरून चालू नका, ते व्हॉल्व्ह बॉडीवर अवलंबून आहे.

पहिली फेरी ट्रेलरशिवाय, सपाट रस्त्यावर, इंजिन आणि तेल गरम झाल्यावर. पाय हलका करून लॉक करा. पूर्ण थ्रॉटलमध्ये लॉक केलं की धक्का थेट इनपुट शाफ्टवर जातो. गिअर बदलण्याआधी सोडा, थांबण्याआधी सोडा. परत आल्यावर कोड वाचा, रिले आणि रेझिस्टरला हात लावून किती तापलेत ते बघा, तेलाची पातळी पुन्हा न्यूट्रलमध्ये तपासा. कोड नसेल आणि आरपीएम कागदाशी जुळले असतील तर पुढची फेरी अर्ध्या भाराच्या ट्रेलरसह, छोट्या चढावर.